बालकाचा घास आणि मोठ्यांची घाई

आठ-नऊ महिन्यांचे मूल घरच्यांच्या पंगतीला प्रथम बसते, तेव्हा ते काय करते हे सर्वांना ठाऊक आहे. पुढ्यातल्या मऊ भातावर ते पालथा हात आपटते, बोटांच्या फटींतून वर आलेला वरणभात न्याहाळते. त्यातला थोडा तोंडात जातो, थोडा गालाला लागतो आणि उरलेला लाळेऱ्यावर व जमिनीवर सांडतो. मग तो हात पुन्हा ताटाकडे वळतो. पाहणाऱ्या आजीला कौतुक वाटते. ज्या आईला ते सारे पुसावयाचे असते तिच्या कपाळावर आठी उमटते. बहुतेक घरांत या प्रसंगाचा शेवट ठरलेला असतो. मुलाचा हात हलकेच बाजूला केला जातो आणि वाटी-चमचा पुढे येतो. अलीकडे त्याच्या जोडीला मोबाईलचा पडदाही येतो. मूल हलती चित्रे पाहत राहते आणि उघड्या तोंडात घास जात राहतात. दहा मिनिटांत वाटी रिकामी होते, जमीन स्वच्छ राहते आणि मूल पोटभर जेवल्याचे समाधान मिळते.

या व्यवहारात सर्वांचाच लाभ झाला, असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात त्यात एक हानी दडलेली असते, आणि ती कोणाच्याही हिशेबात धरली जात नाही. आधी काय खावे, किती खावे आणि केव्हा थांबावे हा माणसाच्या आयुष्यातला निवडीचा पहिला अधिकार होय. तो मुलाच्या हातून काढून घेतला जातो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहकाच्या आवडीनिवडी गृहीत धरलेल्या असतात. त्या कोठे आणि कशा घडतात याची चौकशी तेथे सहसा होत नाही. त्या घडू लागतात त्या या पंगतीत, या सांडलवंडीत. म्हणून लहान मुलाने हाताने जेवण्याचा प्रश्न केवळ घरगुती कौतुकाचा नाही; तो आरोग्याचा, स्त्रियांच्या श्रमाचा आणि शासनाच्या पोषणविषयक धोरणाचाही आहे.

हात काय शिकतो?

सहाव्या महिन्याच्या सुमारास मूल वस्तू संपूर्ण मुठीत धरते. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास त्याला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येऊ लागते. या दोन टप्प्यांमधील अंतर भरून काढण्यासाठी ताटासारखी दुसरी शाळा नाही. उकडलेल्या रताळ्याची फोड दाबली की तिचा चुरा होतो, केळ्याचा तुकडा निसटतो, पोळी ओढली तर तुटते आणि भाताचे शीत बोटाला चिकटून बसते, हे सर्व मूल शिकते ते हाताने. अन्न गरम आहे की निवले आहे, हे जिभेआधी बोटांना कळते. भाकरीचा तुकडा मोडून त्यात कालवण टिपणारा प्रौढ मनुष्य हीच विद्या आयुष्यभर वापरीत असतो.

नव्या पदार्थाशी ओळख होण्यास लहान मुलाला वेळ लागतो. बालकांच्या आहारविषयक अभ्यासांतून असे वारंवार आढळून आले आहे, की एखादी भाजी मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती त्याच्यापुढे आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा यावी लागते. आपल्या घरांत मात्र दोन वेळा तोंड फिरविले की ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असा निकाल दिला जातो, आणि तो निकाल पुढे वर्षानुवर्षे कायम राहतो. हातात घेऊन चुरगळलेला, नाकाशी नेलेला आणि परत खाली टाकलेला भोपळा हा वाया गेलेला भोपळा नव्हे. ती त्या मुलाची भोपळ्याशी झालेली पहिली भेट असते.

दुसरी गोष्ट भुकेच्या मापाची. लहान मुलाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीस मिलिलिटर अन्न मावते. आठ किलो वजनाच्या मुलाला एका वेळी पाव लिटराच्या आसपास अन्न पुरे होते, आणि म्हणूनच त्याला थोडे थोडे व वारंवार खावयास घालावे लागते. पोट भरल्यावर मान फिरवणारे मूल हट्टी नसते. आपल्या शरीराने दिलेला इशारा ते पाळीत असते. तो इशारा मोडून घास आत ढकलला, की मूल एक विपरीत धडा शिकते: पोट काय सांगते त्याकडे लक्ष द्यावयाचे नाही, वाटी काय सांगते त्याकडे द्यावयाचे. आज मध्यमवर्गीय घरांतील शाळकरी मुलांच्या स्थूलतेबद्दल चिंता व्यक्त केली जाते. तिची कारणे अनेक आहेत; परंतु पडद्याकडे पाहत नकळत खाण्याची सवय फार लवकर लावली जाते, ही वस्तुस्थिती त्या चिंतेत क्वचितच विचारात घेतली जाते.

आपल्या भाषेत या बाबतीत मोठी सूक्ष्मता आहे. ‘भरवणे’ आणि ‘कोंबणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. भरवणाऱ्याचे लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे असते, कोंबणाऱ्याचे वाटीच्या तळाकडे. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवण्यात जे आर्जव आहे ते टाकून देण्यासारखे नाही. तरीही भरवण्याच्या मायेतच एक अडचण आहे: ती मुलाच्या हाताला विसरते. उष्टावणाच्या दिवशी पहिला घास मामा किंवा आजोबा भरवतात आणि तो सोहळा कुटुंबाच्या आठवणीत राहतो. मूल स्वतःच्या हाताने पहिला घास ज्या दिवशी तोंडापर्यंत नेते, त्या दिवसाची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही.

निवड मुलाची, यादी मोठ्यांची

मुलाच्या हाती निवड दिली तर ते भलतेसलते खाईल, ही पालकांची भीती जुनी आहे. या भीतीची कसोटी पाहणारा एक प्रयोग अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ महिलेने नुकत्याच दूध सोडवलेल्या बालकांना त्यांचा आहार त्यांनाच निवडू दिला. तिचे पहिले निष्कर्ष १९२८ मध्ये आणि पंधरा मुलांविषयीचा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी चौतीस पदार्थांची होती. धान्ये, फळे, भाज्या, दूध, अंडी, मांस, मासे असे ते साधे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत मांडले जात. शेजारी परिचारिका बसे. पण मूल स्वतः एखाद्या भांड्याकडे हात करीपर्यंत तिने घास पुढे करावयाचा नाही, असा नियम होता. मुलांनी चमच्याने खावे की बोटांनी, यावर बंधन नव्हते.

एकाही मुलाची निवड दुसऱ्यासारखी नव्हती, आणि एकाच मुलाचे दोन दिवसही सारखे नव्हते. काही जेवणे तर मोठ्यांना विचित्र वाटावीत अशी होती. तथापि महिनोन्‌महिन्यांचा हिशेब मांडला असता मुले सुदृढ वाढलेली दिसली. मुडदूस झालेल्या एका मुलाला कॉड माशाचे तेल ठेवले होते. तो बरा होईपर्यंत ते घेत राहिला आणि नंतर त्याने ते सोडून दिले. या प्रयोगाचा अर्थ ‘मुलाला सर्व कळते’ असा काढणे सोपे आहे. परंतु तो अर्थ चुकीचा ठरेल, आणि डेव्हिस यांनीच त्याविषयी सावध केले होते. यशाचे खरे रहस्य यादीत होते. तीत साखरेचे पदार्थ नव्हते, डबाबंद जिन्नस नव्हते. निवड मुलाची होती, पण यादी मोठ्यांनी विचारपूर्वक केलेली होती.

आज आपल्या घरांत याच्या नेमके उलट घडत आहे. यादी बाजार करतो आणि निवड मोठी माणसे करतात; मुलाच्या वाट्याला केवळ तोंड उघडणे येते. बालान्नाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ मध्ये झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अन्नाची जाहिरात करण्यास मनाई झाली. तथापि दोन वर्षांखालील मुलाच्या हातात बिस्किट आणि तळलेल्या कुरकुरीत पदार्थांचे पाकीट येते, ते त्या कायद्याच्या कक्षेबाहेरून. पाकिटातील पदार्थही मूल हातानेच खाते. परंतु त्याचा आकार, चव आणि स्पर्श दररोज एकच असतो. त्यात शोधण्यासारखे काही उरलेले नसते. नाचणीची भाकरी दुधात कुस्करली की जसा काला होतो, तसा तो दुसऱ्या दिवशी होत नाही. मुलाचे शिक्षण या फरकात आहे.

पाश्चात्त्य देशांत मधल्या काळात मुलांना यंत्रात वाटलेले पातळ अन्न चमच्याने देण्याची पद्धत रूढ झाली होती. तिच्याविरुद्ध तेथेच प्रतिक्रिया उमटली. ब्रिटनमध्ये जिल रॅप्ले यांनी २००८ मध्ये सहलेखिकेसह पुस्तक लिहून, मुलाने सहाव्या महिन्यापासून घरातलेच मऊ अन्न स्वतःच्या हाताने खावे, हा विचार लोकप्रिय केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना त्यांच्या खुणा ओळखून, त्यांना स्वतः खाण्यास उत्तेजन देऊन जेवू घालावे, असे म्हटले आहे. हाताने जेवणे ज्या समाजात लाजिरवाणे नाही, त्या समाजाने ही गोष्ट परक्या पुस्तकातून शिकावी, यात विपर्यास आहे. काट्या-चमच्याने खाणे म्हणजे सुसंस्कृतपणा, ही आपल्या सुशिक्षितांची समजूत याला काही अंशी जबाबदार आहे.

स्वातंत्र्याला अर्थातच मर्यादा आहेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकून प्राण घेऊ शकतात. ते ताटात असताच कामा नयेत. वर्षाच्या आत मध देऊ नये. मूल बसूनच खाईल आणि खात असताना कोणीतरी जवळ असेल, हे पाहिले पाहिजे. हाताने खाऊ द्यावयाचे म्हणजे मुलाला ताटासह एकटे सोडून द्यावयाचे, असा त्याचा अर्थ नाही. अशक्त आणि आजारी मुलाची भूकच मंदावलेली असते. त्याने मान फिरवली म्हणून ताट उचलून ठेवणे हा त्याच्या निवडीचा मान राखणे नव्हे. तेथे आर्जवाने, पुन्हा पुन्हा भरवावेच लागते.

खरकट्याचा हिशेब

येथवरचे विवेचन ऐकून कोणतीही माता एकच प्रश्न विचारील: हे सारे पुसणार कोण? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या; असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची होती, आणि मुळात असे काम करणारे पुरुषच थोडे होते. मुलाच्या बोटांतून निसटलेले प्रत्येक शीत या २९९ मिनिटांत भर घालते. चमच्याने दहा मिनिटांत उरकणारे जेवण मुलाच्या हाती दिले तर अर्धा तास घेते, आणि नंतरची आवरासावर निराळी. नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीची लोकल चुकते, शेतावर जाणारीची मजुरी बुडते. तेव्हा ‘हल्लीच्या आयांना धीर नाही’ हा शेरा अन्यायाचा आहे. ज्या वस्तूची किंमत एकालाच मोजावी लागते आणि लाभ सर्वांना मिळतो, ती वस्तू कमी प्रमाणात निर्माण होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. मुलाचा जेवणातला आनंद ही अशीच एक वस्तू आहे.

गरीब घरात तर हिशेब अधिकच कठीण असतो. जेथे पाण्याचा हंडा दूरवरून डोक्यावर आणावा लागतो, तेथे मुलाचे हात जेवणाआधी साबणाने धुणे आणि नंतर मूल, कपडे, जमीन स्वच्छ करणे ही साधी बाब राहत नाही. जेथे डाळ मोजून शिजते, तेथे सांडलेल्या डाळीत कौतुक कसले? अन्न टाकू नये हा संस्कार सधन घरात नीतीचा असतो, निर्धन घरात तो गरजेचा असतो. त्यातच मुलाला सांभाळणारी व्यक्ती पुष्कळदा सात-आठ वर्षांची बहीण असते. तिच्या स्वाधीन केलेले मूल हातानेच खाते. परंतु ते खाते कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा पाच रुपयांचे पाकीट. हाताने जेवण्याच्या आनंदाला पाणी लागते, वेळ लागतो आणि थोडे जास्तीचे अन्न लागते. या तिन्ही गोष्टी समाजात विषम वाटल्या गेल्या आहेत, म्हणून हा आनंदही विषम वाटला गेला आहे.

पाकीट आणि ताट

या विषमतेचे मोजमाप उपलब्ध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११.३ टक्के होते. सहा ते आठ महिन्यांच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरूच झालेले नव्हते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. औद्योगिकदृष्ट्या अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याला हे आकडे भूषणावह नाहीत.

अशा परिस्थितीत शासकीय यंत्रणा काय करते? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी तेहतीस प्रकल्पांपासून सुरू झाली आणि आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहाराचा कायदेशीर हक्क दिला. परंतु या हक्काचे स्वरूप वयाप्रमाणे बदलते. तीन वर्षांवरील मूल अंगणवाडीत बसून गरम जेवण जेवते. तीन वर्षांखालील मुलाच्या नावाने घरी शिधा किंवा तयार पिठाचे पाकीट दिले जाते. वाढीचा वेग सर्वांत अधिक असतो आणि चवीची ओळख होत असते, नेमक्या त्याच वयात मुलाच्या वाट्याला ताट येत नाही, पाकीट येते. घरी गेल्यावर ते पाकीट सर्व भावंडांत वाटले जाते. उष्मांक आणि प्रथिने यांचे आकडे कागदावर जुळतात. ते मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचतात किंवा नाही, हे पाहण्याची सोय त्या पद्धतीत नाही.

वास्तविक ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ निराळे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे हा विचार होता. मुलांची स्वच्छता, त्यांच्या परिसरातील वस्तू, त्यांची घरची भाषा या सर्वांना तेथे शिक्षणाचे स्थान होते. त्या परंपरेच्या दृष्टीने जेवणाची वेळ ही शिक्षणाचीच वेळ ठरते. आजच्या अंगणवाडीत सेविकेचा पुष्कळ वेळ नोंदी भरण्यात जातो आणि जेवण ‘वाटप’ या सदरात मोडते.

यावर उपाय महागडे नाहीत. पण ते जाणीवपूर्वक योजावे लागतील. तीन वर्षांखालील मुलांसाठी, विशेषतः मजुरी करणाऱ्या मातांच्या वस्त्यांत, पाळणाघरे वाढविली पाहिजेत. छत्तीसगडमध्ये २०१२ नंतर ‘फुलवारी’ या नावाने माता आळीपाळीने मुले सांभाळून त्यांना शिजवलेले अन्न खाऊ घालतात, असा प्रयत्न झाला. मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांत अशा व्यवस्थेला मोठा वाव आहे. प्रत्येक अंगणवाडीत हात धुण्याचे पाणी आणि साबण ही इमारतीच्या रंगरंगोटीआधीची गरज मानली पाहिजे. पाकिटातील पिठाऐवजी स्थानिक बचत गटांनी शिजवलेली खिचडी, उकडलेली अंडी, रताळी, हंगामी फळे अशा पकडता येतील, चुरगळता येतील अशा पदार्थांचा विचार व्हावा. माता-बैठकीत आहाराचे तक्ते वाचून दाखविण्यापेक्षा मुलांसह एक जेवण एकत्र घेणे अधिक उपयोगी पडेल. आणि त्या बैठकीला बापांनाही बोलवावे.

कारण घराघरांतील प्रश्नाची गुरुकिल्ली तेथे आहे. जमीन पुसण्याचे फडके ज्या घरात दोघांच्याही हाती असते, तेथे मुलाचा हात ताटातून लवकर बाजूला केला जात नाही. दिवसातले एक जेवण पडद्यावाचून व्हावे. मुलाला इतरांबरोबर जमिनीवर बसवावे, पुढ्यात पसरट ताटली ठेवावी, तीत एका वेळी दोन-तीन घासांपुरतेच अन्न वाढावे म्हणजे नासाडी बेताची होते. एक घास त्याने घ्यावा, एक आपण भरवावा. रोज तिन्ही वेळा हे जमणार नाही. एका वेळी जमले तरी पुष्कळ आहे. मूल नीट खाऊ लागेपर्यंतचा हा काळ फार तर दीड-दोन वर्षांचा असतो. तेवढ्या काळात सांडलेल्या अन्नाची किंमत कोणत्याही कुटुंबाच्या एकूण खर्चात नगण्य आहे. आणि जेथे ती नगण्य नाही, तेथे तो भार उचलणे हे समाजाचे काम आहे.

मुलांच्या कुपोषणाची चर्चा आपल्याकडे किलो, ग्रॅम आणि उष्मांक यांत होते. ती तशी झालीही पाहिजे, कारण रिकाम्या ताटात शोधण्यासारखे काहीच नसते. परंतु अन्न पोहोचविणे आणि मूल जेवणे यांत एक अंतर आहे, आणि ते अंतर मुलाचा चिमुकला हात ओलांडतो. ताट भरण्याची जबाबदारी समाजाची आणि शासनाची आहे. ते भरल्यावर त्यात हात घालण्याची मुभा मात्र त्या मुलाला असली पाहिजे.